स्मिथ्सचे ‘सिंगल्स’ : संकलन म्हणजे पळवाट का?

सुरपेटी

‘अल्बम ऐका, ग्रेटेस्ट हिट्सच्या वाटेला जाऊ नका’ हा सल्ला जुन्या इंडी बँडांबद्दल सरसकट दिला जातो. मँचेस्टरच्या द स्मिथ्सच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. मुद्दे मांडतो, खोडून काढा.

आधी हिशेब. मे १९८३ मधलं ‘हँड इन ग्लव्ह’ ते डिसेंबर १९८७ मधलं ‘लास्ट नाइट आय ड्रेम्ट दॅट समबडी लव्हड मी’, अशी ब्रिटनमध्ये एकूण १७ सिंगल्स निघाली. शेवटचं निघालं तोवर बँड फुटलाही होता. या १७ पैकी ९ गाणी चार स्टुडिओ अल्बमांच्या मूळ ब्रिटिश एलपींवर नव्हतीच. यादी बघा: ‘धिस चार्मिंग मॅन’, ‘हेवन नोज आय’म मिझरेबल नाऊ’, ‘विल्यम, इट वॉज रिअली नथिंग’, ‘हाऊ सून इज नाऊ?’, ‘शेक्सपिअर्स सिस्टर’, ‘पॅनिक’, ‘आस्क’, ‘शॉपलिफ्टर्स ऑफ द वर्ल्ड युनाइट’, ‘शीला टेक अ बो’. म्हणजे निव्वळ अल्बम ऐकणाऱ्याच्या हातून अर्ध्याहून जास्त सिंगल्स निसटतात. दिवाळी अंकात आलेली उत्तम कथा लेखकाच्या एकाही पुस्तकात नसावी, तशी ही गाणी. संग्रह निघाला नाही तर ती वाचायची कुठे?

म्हणून १९९५चं ‘सिंगल्स’ हे संकलन मला त्यांचा पाचवा अल्बम वाटतं. १८ गाणी, सरळ कालक्रमाने. अठरावं ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’; ते सिंगल म्हणून आलं थेट १९९२ मध्ये. ओळीने ऐकलं की निर्मात्यांचा बदल कानाला कळतो. १९८४ पर्यंत जॉन पोर्टरची थरावर थर चढवलेली गिटार. १९८५ पासून बँड स्वतःच निर्माता आणि स्टीफन स्ट्रीट ध्वनिमुद्रणाला, त्यामुळे आवाज कोरडा, ढोल पुढे. मग ‘पॅनिक’साठी पोर्टर परत. चार अल्बम ओळीने ऐकून ही हालचाल इतकी स्वच्छ दिसत नाही, कारण पोर्टरची दुसरी फेरी अल्बमांवर जवळजवळ नाहीच.

जुनी आठवण काढायची तर ती या क्रमाने काढावी. बोला.

उलटी_बाजू

असहमत. हिशेब बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

‘आय नो इट्स ओव्हर’ घ्या. पावणेसहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, ‘द क्वीन इज डेड’ (जून १९८६) वरचं. मॉरिसीचं सर्वोत्तम गायन कोणतं यावर भांडण झालं की हे नाव पहिल्या तिघांत येतंच. ते ‘सिंगल्स’वर नाही. १९९२च्या ‘बेस्ट’च्या दोन्ही भागांवर नाही. २००८च्या ‘द साउंड ऑफ द स्मिथ्स’च्या ४५ गाण्यांच्या दुहेरी आवृत्तीतही नाही! पंचेचाळीस गाणी निवडून हे राहतं, तर ती निवड कोणत्या निकषाने झाली?

दुसरं, सिंगल म्हणून जे निघालं ते बऱ्याचदा कापलेलं असतं. ‘दॅट जोक इझन्ट फनी एनिमोअर’ अल्बमवर जवळपास ५ मिनिटांचं आहे. संपत आलं असं वाटतं, आवाज विरतो, आणि तेच सूर पुन्हा वर येतात. गाण्याचा सगळा जीव त्या परत येण्यात. जुलै १९८५च्या सिंगलमध्ये तो भाग उडवला. विक्रीच्या तालिकेत ४९व्या क्रमांकावर अडकलं, म्हणजे कापून धंदाही झाला नाही. ‘लास्ट नाइट...’चं तसंच: अल्बमवर सुरुवातीला पियानो आणि जमावाच्या गलक्याची लांबलचक प्रस्तावना आहे, सिंगलवर ती गायब. ५ मिनिटांचं गाणं सव्वातीनवर आलं. प्रस्तावना काढली की पहिली ओळ नुसतीच रडकी वाटते.

आणि ‘हिट्स’ कसले? बँड असताना वरचा क्रमांक मिळाला तो १०, तोही दोनदाच: ‘हेवन नोज...’ आणि ‘शीला...’. ‘धिस चार्मिंग मॅन’ १९८३ मध्ये २५व्या क्रमांकावर थांबलं; ८वा क्रमांक मिळाला १९९२च्या पुनःप्रकाशनात. ज्यांना ‘हिट’ म्हणताय ती नंतर आठवणींनी हिट केलेली गाणी आहेत.

मागच्या_बाकावरून

दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. त्यांच्या १९८४च्या ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ या संकलनाचं नाव कुणीच घेतलं नाही ते बघून मौज वाटली. 🙂

तिसरा_पडदा

गिटारच्या बाजूने बोलतो. कोणतं संकलन, याहून कोणतं ध्वनिमुद्रण आणि कोणती मास्टरिंग (तबकडी काढण्याआधी आवाजाची पातळी आणि पोत ठरवणारा शेवटचा हात) हा प्रश्न मोठा आहे. का ते दोन गाण्यांवरून.

‘हाऊ सून इज नाऊ?’ जुलै १९८४ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या जॅम स्टुडिओत झालं. तो धडधडणारा आवाज पेडलचा नाही. बँडचा गिटारवादक जॉनी मारने आधी साधी गिटार टेपवर वाजवून घेतली. ती टेपवरून चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप्लिफायरांत सोडली, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. फेंडर ज्याला ‘व्हायब्रेटो’ म्हणतं तो खरा ट्रेमोलो, म्हणजे आवाज ठरावीक वेगाने लहानमोठा होणं. पोर्टरकडे दोन अँप, मारकडे दोन, आणि दोघेही वेगाची बटणं हाताने फिरवत बसलेले. अडचण अशी की चार यंत्रांचे चार वेग, ढोलाशी जमवले तरी काही सेकंदांत सरकतात. सरकले की टेप थांबवा, मागे घ्या, पुन्हा जमवा. काही तुकडे १० सेकंदांचे आहेत. आजच्या संगणकावरच्या प्लगइनला तालाचा आकडा दिला की हे बिनचूक होतं, आणि म्हणूनच नकला मेलेल्या वाटतात. मूळ गाण्यात डावी-उजवी बाजू किंचित पुढेमागे होते, तिथे श्वास आहे. हेडफोन लावून फक्त उजवा कान ऐका, मग फक्त डावा.

‘धिस चार्मिंग मॅन’मध्ये सुमारे १५ गिटार-थर आहेत असं मारने मुलाखतीत सांगितलंय. सगळ्यांच्या तळाशी एक गंमत: टेलिकास्टर गिटार मोकळ्या तारांच्या सुरात लावून ट्विन रिव्हर्बवर आडवी ठेवली, व्हायब्रेटो चालू केला, आणि धातूच्या मुठीची सुरी तारांवर टाकली. सुरी पडेल तिथल्या तारा वाजणार. हा आवाज मिश्रणात खोल पुरलेला आहे. मास्टरिंग करताना सगळं सारख्या उंचीवर आणलं की १५ थरांचा चिखल होतो आणि ही सुरी त्यात जाते.

वाजवून बघणाऱ्यांसाठी: मार या काळात बऱ्याचदा दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा किंवा सगळी गिटार एक पूर्ण सूर वर चढवायचा. साध्या लावणीत ‘धिस चार्मिंग मॅन’ जमवायला गेलात तर बोटं लांब पडतात आणि मोकळ्या तारांची किणकिण येतच नाही. कॅपो लावा, जी-च्या आकारात धरा, गाणं ए-मध्ये येईल. गिटारच चढवायची असेल तर ०.०१०च्या तारांपेक्षा जाड संच नको. ताण वाढून मान वाकते, वरची ई तुटते.

खरखर

@तिसरा_पडदा, चिखलाचा मुद्दा पुढे नेतो.

२००१चं ‘द व्हेरी बेस्ट ऑफ’ टाळाच. बँडचा त्यात हात नव्हता, आवाज चढवून चढवून सपाट केलेला. मॉरिसी आणि मार दोघांनीही नापसंती दाखवली. या दोघांचं एकमत होणं हीच त्यातली बातमी. २००८च्या ‘साउंड’ची मास्टरिंग मारने स्वतः फ्रँक आर्कराइटबरोबर लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओत केली. २०११चा ‘कम्प्लीट’ संचही या जोडीचाच. मंद्र स्वर भरीव, अँडी रूर्कचा बास उठून येतो. तरी ऐंशीच्या दशकातल्या चकत्यांपेक्षा मोठ्या आवाजाचं आहेच.

कुणाचं ऐकून ठरवू नका, स्वतः तपासा. एकच गाणं दोन ठिकाणांहून घ्या आणि लांबी जुळते का बघा. नाहीतर कापलेलं सिंगल आणि अल्बममधलं गाणं यांची तुलना होऊन बसते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने दोन्हींना एकाच पातळीवर आणा, समजा उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक). ही पायरी गाळली की तुलना संपली म्हणून समजा, कारण एका डेसिबलने मोठं असलेलं गाणं कुणालाही ‘जास्त चांगलं’ वाटतं. त्यानंतर तोच ३० सेकंदांचा तुकडा आलटून पालटून ऐका. लक्ष ठेवा बँडचा ड्रमर माइक जॉइसच्या स्नेअर ढोलावर: चढवलेल्या आवृत्तीत तिचा फटका आजूबाजूच्या गिटारइतकाच उरतो, मूळ आवृत्तीत तो कानावर येऊन पडतो.

स्ट्रीमिंगवाल्यांनी मोठ्या आवाजाच्या धास्तीने फार हवालदिल होऊ नये. स्पॉटिफाय मुळातच उणे १४च्या आसपास सगळं समतल करतं. म्हणजे चढवून मास्टर केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मोठेपणाचा फायदा गेला, सपाटपणा तेवढा राहिला.

सुरपेटी

@उलटी_बाजू, ‘आय नो इट्स ओव्हर’ मान्य. पण ते सिंगल नव्हतं, आणि मी ज्याची बाजू घेतोय त्या संकलनाचं नावच ‘सिंगल्स’ आहे. दिलेलं वचन पाळलं म्हणून दोष?

‘बेस्ट’च्या दोन भागांचा मात्र मीही बचाव करणार नाही. त्यांची रेकॉर्ड कंपनी रफ ट्रेड १९९१ मध्ये बुडाली, सगळा साठा डब्ल्यूईए या मोठ्या कंपनीकडे गेला, नव्या मालकाने पहिल्याच वर्षी पैसे वसूल करायला ऑगस्ट आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये दोन चकत्या काढल्या. प्रत्येकी १४ गाणी, क्रम वाऱ्यावर: १९८४चं ‘व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?’ झालं की १९८७ची दोन गाणी. मुखपृष्ठावर डेनिस हॉपरने काढलेला एका जोडप्याचा फोटो मधोमध कापून अर्धा एकीवर, अर्धा दुसरीवर. फोटो पूर्ण हवा तर दोन्ही घ्या! पहिला भाग ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, दुसरा २९वर. लोकांना अर्धाच फोटो पुरला.

उलटी_बाजू

:) फोटोचं छान. पण मुद्दा सोडून देऊ नका. संकलनं नुसती गाळत नाहीत, जोडलेलं तोडतातही.

सप्टेंबर १९८५चं ‘द बॉय विथ द थॉर्न इन हिज साइड’. त्याच्या १२ इंची तबकडीच्या मागच्या बाजूला ‘रबर रिंग’ आणि ‘अस्लीप’ सलग होती. ‘रबर रिंग’च्या शेवटी एक बोलणारा आवाज घुमत राहतो आणि त्यातून ‘अस्लीप’च्या सुरुवातीचा वारा सुरू होतो. मध्ये खंड नाही. संकलनात काय झालं? ‘द वर्ल्ड वोन्ट लिसन’वर ‘अस्लीप’ आधी आणि ‘रबर रिंग’ कितीतरी नंतर. ‘लाउडर दॅन बॉम्ब्ज’वर ‘अस्लीप’ थेट शेवटी. ‘बेस्ट’ १ वर ‘रबर रिंग’ आहे, ‘अस्लीप’चा पत्ताच नाही.

त्यात ‘रबर रिंग’चा विषय कोणता? ज्या गाण्यांनी कधीकाळी तगवलं, त्यांना वय वाढल्यावर विसरू नका, असं बजावणारं ते गाणं आहे. नॉस्टॅल्जियावरची त्यांची सगळ्यात तिखट टीका नॉस्टॅल्जियाच्या दुकानदारांनीच मोडून विकली. आता बोला.

हिशेबनीस

थोडं अवांतर वाटेल, पण ‘जुन्या प्रेमाखातर विकत घेतो’ म्हणणाऱ्यांनी पैसा कुठे जातो ते माहीत करून घ्यावं.

गीतलेखनाचं श्रेय मॉरिसी-मार या दोघांचं. तो पैसा वेगळा. ध्वनिमुद्रणाच्या आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातून मॉरिसी आणि मार प्रत्येकी ४० टक्के घेत, रूर्क आणि जॉइस प्रत्येकी १० टक्के. जॉइस कोर्टात गेला. डिसेंबर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आधार १८९०चा भागीदारी कायदा: वेगळा करार सिद्ध झाला नाही तर भागीदारांचा वाटा समान. त्याला १० ऐवजी २५ टक्के मिळाले. न्यायमूर्तींनी मॉरिसीला उद्देशून काढलेले शब्द इतके कडक होते की त्यावरच वर्षानुवर्षं लेख लिहिले गेले. १९९८ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

रूर्कची गोष्ट अशी की पैशाच्या ओढगस्तीत त्याने आधीच ८३,००० पौंडांवर तडजोड केली आणि १० टक्के मान्य केले. खटल्याचा फायदा त्याला नाही. मे २०२३ मध्ये तो गेला. ‘साउंड’वर बास किती छान ऐकू येतो हे वर कुणीतरी लिहिलंय, तेव्हा हे सांगावंसं वाटलं.

मागच्या_बाकावरून

@हिशेबनीस हे अवांतर नाही. २०२४ मध्येही मॉरिसीच्या संकेतस्थळावर तक्रार आलीच होती की आणखी एका ग्रेटेस्ट हिट्सला मार आडवा येतोय. ‘स्मिथ्स रूल ओके!’ असं नावही ठरलेलं. या एका बाबतीत मी मारबरोबर. किती वेळा तेच विकणार?

पहिलीच_वेळ

सगळे जाणकार भांडताय ते वाचायला मजा येतेय. पण कोऱ्या कानाच्या माणसाने सुरुवात कुठून करायची? ऑनलाइन दुकानात ‘लाउडर दॅन बॉम्ब्ज’ची दुहेरी एलपी स्वस्तात दिसतेय. घेऊ का?

खरखर

घ्या, पण काय नाही ते कळून घ्या. ‘लाउडर दॅन बॉम्ब्ज’ मार्च १९८७ मध्ये अमेरिकन बाजारासाठी काढलेलं, २४ गाणी. तिथल्या ‘मीट इज मर्डर’वर ‘हाऊ सून इज नाऊ?’ आधीच होतं आणि तिथल्या पहिल्या अल्बमवर ‘धिस चार्मिंग मॅन’. म्हणून ही दोन्ही गाणी या संचात नाहीत. ब्रिटिश एलपी आणि हा संच अशी जोडी लावलीत तर सिंगल्सपैकी नेमकी ही दोनच निसटतील. बऱ्याच जणांचं असंच होतं आणि मग ते म्हणतात, बँड ठीक आहे, पण लोक म्हणतात तेवढा नाही.

एलपी जुनी असेल तर आतल्या टोकाला, लेबलच्या जवळ, खोदलेली अक्षरं बघा. स्मिथ्सच्या ब्रिटिश तबकड्यांवर तिथे वाक्यं कोरलेली असायची. ‘द क्वीन इज डेड’वर ‘फिअर ऑफ मँचेस्टर’ कोरलंय. नसेल तर ती तबकडी दुसरीकडे किंवा नंतर काढलेली आहे, किंमत त्याप्रमाणे द्या.

मागच्या_बाकावरून

माझं उत्तर एकच: ‘हॅटफुल ऑफ हॉलो’, नोव्हेंबर १९८४. १६ गाणी, बराचसा माल बीबीसीवरच्या जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या सत्रांतला. ही सत्रं म्हणजे एका दिवसात चार गाणी, थर चढवायला वेळच नाही. बँड खोलीत कसा वाजायचा ते इथे कळतं. ‘स्टिल इल’ इथे माउथऑर्गनने सुरू होतं आणि त्यानेच संपतं; पहिल्या अल्बमवर माउथऑर्गन नाही. ‘हँड इन ग्लव्ह’ इथे मूळ सिंगलचं आहे, २५० पौंडांत स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत केलेलं, हळूहळू आत शिरणारं. अल्बमवर पोर्टरने ते पुन्हा मिक्स करून धुऊन पुसून ठेवलं. आणि ‘हाऊ सून इज नाऊ?’ इथे पूर्ण लांबीचं.

मूळ मुखपृष्ठावर छापलं होतं: ३.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. ग्राहकाला असं सांगणारं संकलन दुसरं दाखवा.

उलटी_बाजू

‘हॅटफुल’ला माझा विरोध नाही. ते बँड तरुण असताना बँडनेच काढलं. माझं भांडण माणसं चाळिशीत गेल्यावर निघणाऱ्या चकत्यांशी आहे. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान असताना स्मिथ्स आवडतात म्हणाले, तर मारने ट्विटरवर जाहीर बंदीच घातली: तुम्ही आम्हाला आवडून घ्यायचं नाही! थॅचरकाळात राणीच्या नावाने अल्बम काढणारा बँड हुजूर पक्षाच्या नेत्याच्या आवडत्या यादीत बसतो, याचा अर्थ धार कुठेतरी घासली गेलीय. ती संकलनांनी घासली. ‘पॅनिक’ आणि ‘आस्क’ पाठोपाठ लागलं की गोड वाटतं, गुणगुणता येतं. ‘मीट इज मर्डर’च्या शीर्षकगीतातले कत्तलखान्याचे आवाज कोण घालणार पार्टीच्या यादीत?

सुरपेटी

कॅमेरॉन यांच्याकडे अल्बमच असणार हो. :) अल्बम ऐकून माणूस आपोआप शहाणा होतो हे गृहीतक कुठून आलं? ‘पॅनिक’ गोड वाटतं ते आधीपासूनच. शेवटी शाळकरी पोरांचा कोरस मुद्दाम घातलाय, रेडिओवाल्याला फाशी द्या म्हणायला. गोड चालीत विष हाच त्यांचा धंदा होता, संकलनाने काही नवीन केलं नाही.

‘बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन’मधला किरटा कोरस घ्या. श्रेयनामावलीत ‘अ‍ॅन कोट्स’ या बाईंचं नाव. प्रत्यक्षात तो मॉरिसीचाच आवाज, यंत्राने वर चढवलेला, आणि नाव मँचेस्टरच्या अँकोट्स भागावरून पाडलेलं. हे सिंगलच आहे, ‘सिंगल्स’वरही आहे. खोडी तशीच शाबूत.

तिसरा_पडदा

भांडण मिटणार नाही असं दिसतंय, तेव्हा @पहिलीच_वेळ यांच्यासाठी कामाचं. विकतच्या संकलनावर न थांबता स्वतः यादी करा. मिळतील त्या सगळ्या आवृत्त्यांतून, लांबी बघून. नाव सारखंच असतं, म्हणून शोधताना मिनिटं-सेकंद हीच ओळख.

पूर्वार्ध: ‘हँड इन ग्लव्ह’ (‘हॅटफुल’वरचं), ‘धिस चार्मिंग मॅन’ (सिंगलचं, गिटारच्या सुरुवातीसकट), ‘जीन’, ‘स्टिल इल’ (पुन्हा ‘हॅटफुल’), ‘हेवन नोज...’, ‘गर्ल अफ्रेड’. मग ऑगस्ट १९८४ची १२ इंची तबकडी जशीच्या तशी: ‘विल्यम...’ सव्वादोन मिनिटांच्या आत, ‘प्लीज, प्लीज, प्लीज...’ दोन मिनिटांच्याही आत, आणि ‘हाऊ सून इज नाऊ?’ पावणेसात मिनिटांचं. ११ मिनिटांत तीन गाणी, आणि त्यातलं तिसरं कंपनीने मागच्या बाजूला टाकलेलं! इथवर अर्धा तास होतो. ‘हाऊ सून...’ पावणेचार मिनिटांचं दिसलं तर ते कापलेलं, उचलू नका.

‘जीन’ शोधायला त्रास होईल. ‘धिस चार्मिंग मॅन’ची बी-साइड, म्हणजे त्या सिंगलच्या मागच्या बाजूचं गाणं, पण ‘हॅटफुल’, ‘वर्ल्ड’, ‘लाउडर’ तिन्हींवर नाही. ‘साउंड’च्या दुहेरी आवृत्तीची दुसरी चकती त्यानेच सुरू होते. एकेरी घेतलीत तर नाही मिळणार.

उत्तरार्ध: ‘शेक्सपिअर्स सिस्टर’, ‘दॅट जोक...’ (अल्बमचं, ५ मिनिटांचं), ‘द बॉय...’, ‘रबर रिंग’, ‘अस्लीप’, ‘पॅनिक’, ‘आस्क’, ‘हाफ अ पर्सन’, ‘शॉपलिफ्टर्स...’, आणि शेवटी प्रस्तावनेसकट ‘लास्ट नाइट...’. हा साधारण ३५ मिनिटांचा. दोन्ही मिळून ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडीत आरामात बसतं.

‘रबर रिंग’-‘अस्लीप’ जोडायला प्लेअरचं क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच पुढचं सुरू करणारी सोय) वापरू नका, ते सगळ्याच गाण्यांना लागतं आणि ‘हँड इन ग्लव्ह’ची हळू सुरुवात त्यात खाल्ली जाते. ऑडॅसिटीत दोन ट्रॅक खालीवर ठेवा, पहिल्यातला आवाज विरत असताना दुसऱ्यातला वारा सुरू होईल इतकं सरकवा, पहिल्याच्या टोकाला फेड-आउट द्या आणि एकच फाइल करून ठेवा. दोन्ही गाणी एकाच संकलनातून घ्या. वेगवेगळ्या मास्टरिंगमधून घेतलीत तर जोडावर आवाजाची पायरी स्पष्ट कळते.

उलटी_बाजू

ही यादी मला चालेल. म्हणजे ‘सिंगल्स’ हरलं.

सुरपेटी

या यादीतली बारा गाणी ‘सिंगल्स’वर आहेत, मोजा. आणि ‘बिगमाउथ’ गाळून केलेल्या यादीला मी यादी म्हणत नाही. १५ मिनिटं शिल्लक आहेत, कुठे घालताय?

तिसरा_पडदा

‘द बॉय...’ आणि ‘रबर रिंग’च्या मध्ये नाही, एवढं नक्की; ती १२ इंची मोडायची नाही. ‘अस्लीप’नंतर, ‘पॅनिक’च्या आधी घाला. पण ‘अस्लीप’च्या शेवटाला चार-पाच सेकंद शांतता सोडा, नाहीतर ‘बिगमाउथ’ची गिटार एकदम अंगावर येते.